काटकसर आणि कसर

‘पेंढा भरलेला वाघ’ हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले आहेत की, त्या वाघाच्या पोटात खरोखरच पेंढा असतो काय, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. संस्थानी अमदानीत असला वाघ राजवाड्याच्या दिवाणखान्यात उभा असे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात अशी जनावरे आजही पाहावयास मिळतात. म्हैसूर येथील व्हॅन इंगेन घराण्याची कार्यशाळा सुमारे १९०० पासून १९९९ पर्यंत चालली, आणि राजेरजवाड्यांनी व साहेबलोकांनी मारलेले हजारो वाघ व बिबटे तेथून डोळे वटारून, जबडा पसरून परत आले. त्या वाघांच्या अंगात बहुधा पेंढा नसे. साच्यांतून काढलेले कागदी लगद्याचे पोकळ धड असे. परंतु ‘पेंढा भरणे’ हा शब्दप्रयोग कायम राहिला आणि पंडितांनी घडविलेला ‘चर्मपूरण’ हा शब्द कोशातच राहिला.

शिकारीचे ते युग सरले. कला मात्र सरली नाही. आज तिच्याकडे वळणारा माणूस राजा नसतो. तो एखादा जीवशास्त्राचा शिक्षक असतो, एखादा चित्रकार असतो, किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर हातांना काही उद्योग हवा असलेला सातारा-सांगलीकडील एखादा गृहस्थ असतो. पक्ष्याचे पंख मिटतात कसे, पिसांच्या रांगा कातड्यावर कोणत्या क्रमाने बसलेल्या असतात, मानेला एवढा बाक येतो कोठून, ह्या गोष्टी पुस्तकातील चित्रावरून जितक्या कळतात त्यापेक्षा कितीतरी अधिक एक पक्षी स्वहस्ते सोलून पुन्हा उभा केल्याने कळतात. शाळेच्या कपाटात असा एक नीट केलेला पक्षी पन्नास वर्षे राहिला, तर मुलांच्या कित्येक तुकड्या त्याच्यापासून शिकून जातात.

ह्या हौसेच्या वाटेवर पहिला धोंडा असतो तो खर्चाचा. परदेशी मालाच्या याद्या चाळल्या की तयार धडे, काचेचे डोळे, निरनिराळी चूर्णे आणि नाना आकारांच्या सुऱ्या पाहून मध्यमवर्गीय माणसाचा उत्साह तेथल्या तेथे मावळतो. ज्याचा मावळत नाही तो बहुधा दुसऱ्या टोकास जातो. हाताशी येईल ते वापरून तो काम उरकतो; चार महिने पक्षी छान दिसतो, आणि पावसाळा आला की पिसे गळू लागतात, पायांना वास येतो, आणि एके दिवशी कपाटाच्या तळाशी बारीक भुकटी पडलेली आढळते. कसर लागलेली असते. मराठी भाषेने ‘काटकसर’ आणि ‘कसर’ हे शब्द असे शेजारी बसविले आहेत की जणू ह्या हौशी माणसालाच इशारा द्यावा. पहिली नेमक्या जागी केली नाही, तर दुसरी हमखास घरात शिरते.

म्हणून ज्याला हा छंद थोडक्यात चालवावयाचा आहे त्याने आपल्या वहीत तीन खाती घालावी. पहिले खाते फुकट मिळणाऱ्या वस्तूंचे. दुसरे बाजारात स्वस्त मिळणाऱ्या वस्तूंचे. आणि तिसरे, जेथे हात मुळीच आखडावयाचा नाही अशा गोष्टींचे. सारे कौशल्य एवढ्यातच आहे की, तिसऱ्या खात्यातील कोणतीही बाब चुकून पहिल्या खात्यात जाऊ नये.

अशी पहिली बाब म्हणजे खुद्द नमुना. रस्त्यावर मोटारीचा धक्का लागून मेलेला खंड्या किंवा विजेच्या तारेला चिकटून पडलेले घुबड दिसले की हौशी माणसास वाटते, हा तर निसर्गानेच दिलेला फुकटचा माल. तो फुकटचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे मृतावस्थेत सापडलेला वन्य प्राणीदेखील शासनाची मालमत्ता ठरतो, आणि वन्य प्राण्यांच्या चर्मपूरणाचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. एका बाजूस कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दुसऱ्या बाजूस सागरेश्वरचे अभयारण्य असलेल्या ह्या मुलखात तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. असा मृत पक्षी दिसल्यास वनखात्यास कळवावे आणि आपला हात मागे घ्यावा. जुन्या वाड्याच्या मोडीत स्वस्तात मिळणारे सांबराचे मुंडके घेण्याचा मोहही असाच आवरावा. त्यास मालकीचे कायदेशीर प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या कातड्यात सोमल असण्याचा संभव असतो. सोमलाविषयी पुढे येईलच.

मग उरते काय? उरते घरगुती कोंबडी, आणि शिकण्यासाठी तिच्याइतका उत्तम गुरू नाही. परंतु तेथेही फुकटाचा मोह नडतो. कुक्कुटपालन केंद्रावर आपोआप मेलेली कोंबडी कोणी देऊ केली, तर ती कदापि घेऊ नये. कोंबडी कशाने मेली हे डोळ्यांना दिसत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा असल्या रोगाचे भय कल्पनेतले नाही हे महाराष्ट्रास कळून चुकले. रोगट पक्ष्याच्या कातड्याशी तासन् तास हात घालून बसणे म्हणजे चार पैशांसाठी घरादाराचा जीव टांगणीस लावणे होय. निरोगी, धडधाकट गावठी कोंबडी आठवड्याच्या बाजारातून दाम मोजून घ्यावी. ज्या घरात मांसाहार चालतो तेथे हा खर्च असा नसतोच. कातडे कलेसाठी आणि मांस स्वयंपाकघरासाठी, असा एकाच पक्ष्याचा दुहेरी उपयोग होतो. मात्र त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. कातडे सुटून मांस वेगळे होईपर्यंत कोणतेही औषधी चूर्ण जवळ आणावयाचे नाही. ओल टिपण्यास मक्याचे कोरडे पीठ तेवढे वापरावे. आणि कापणाऱ्यास आधीच बजावून ठेवावे की, पक्षी गरम पाण्यात बुडवावयाचा नाही. गरम पाण्याने पिसांची मुळे सुटतात आणि कातडे निकामी होते.

कोंबडी निवडतानाही थोडा विचार केला तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात. लालभडक तुऱ्याचा ऐटबाज कोंबडा पाहून नवशिक्याचे मन जाते. परंतु तुरा व गलोल मांसल असल्याने ती वाळताना आक्रसून काळी पडतात, आणि मग ती मेणाची किंवा लगद्याची नव्याने करून बसवावी लागतात. त्याऐवजी तलंग घ्यावी. तिचा तुरा लहान, चरबी बेताची आणि पिसे स्वच्छ असतात. बदकाच्या वाटेस मात्र पहिल्या वर्षी जाऊच नये. त्याच्या कातड्याखालची चरबी काढता काढता अनुभवी हातही थकतात.

खर्च वाचविण्याचा याहूनही मोठा उपाय म्हणजे पक्षी लगेच उभा करण्याचा हट्ट सोडणे. संग्रहालयांच्या खणांत ठेवलेले बहुसंख्य पक्षी उभे नसतात. ते उताणे निजविलेले असतात. पोटात कापूस, मानेतून गेलेली एक काडी, डोळ्यांच्या जागी कापसाचे बोळे आणि पायाला बांधलेली चिठ्ठी. असल्या अभ्यासाच्या नमुन्यास तार लागत नाही, काचेचे डोळे लागत नाहीत, बैठक लागत नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात असे सहस्रावधी पक्षी आहेत. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिचे नाव विचारावयास ह्या संस्थेत गेला. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी त्यास असेच खण उघडून दाखविले, आणि पुढे त्याच संस्थेत तो पक्षी सोलून टिकविण्याची विद्या शिकला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. नवशिक्याने पहिल्या पाच-सहा कोंबड्या ह्याच रीतीने कराव्या. हात बसतो, आणि बिघडले तर कोंबडीखेरीज फारसे काही बुडत नाही.

आता हत्यारांकडे वळू. यादीतील दहा सुऱ्यांपैकी आठ ह्या घरात किंवा शेजारी निराळ्या नावाने नांदत असतात. सोनाराचा बारीक टोकाचा चिमटा, चर्मकाराची आरी आणि मेणदोरा, गोण्या शिवण्याचे दाभण, तार वाकविण्याची पक्कड, टोक काढण्याची कानस, पिसे विंचरण्यास जुना दात घासण्याचा ब्रश, कातडे घासून साफ करण्यास कडा गुळगुळीत केलेला जुना चमचा, आणि पिसे जागच्या जागी राहावी म्हणून लावावयाच्या टाचण्या व कागदाच्या पट्ट्या. ह्यांपैकी काही पहिल्या खात्यात जाते, काही दुसऱ्या. परंतु कापण्याचे पाते तिसऱ्या खात्यातले. बोथट पात्याने काम करणाऱ्याचा हात जोर करतो, आणि जोर केला की कोंबडीचे पातळ कातडे कागदासारखे फाटते. शिवाय निसटलेले बोथट पाते बोटात अधिक खोल जाते.

ह्या बाबतीत सांगली-मिरजेकडील माणूस भाग्यवान म्हणावा लागेल. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून ते गाव वैद्यकाचे माहेरघर झाले आहे, आणि शस्त्रक्रियेची साधने विकणारी दुकाने तेथे सहज सापडतात. तीन क्रमांकाची एक मूठ घेतली म्हणजे ती आयुष्यभर पुरते. तिला दहा, अकरा आणि पंधरा क्रमांकांची पाती बसतात. पाते मात्र नवे, बंद पाकिटातले असावे. रुग्णालयातून टाकून दिलेले पाते उचलून आणणे ही काटकसर नसून आत्मघात आहे. जाड सुरी, कात्री आणि रापी यांना घरीच निसण्यावर धार लावावयास शिकले की धार लावणाऱ्याचीही गरज उरत नाही.

पक्षी सोलताना ओल व रक्त टिपण्यास, मांस खावयाचे नसेल तर, लाकडाचा बारीक भुसा उत्तम. तो वखारीत किंवा सुताराकडे मागितला की मिळतो. मात्र ओला झाला की ज्याचा रंग सुटतो अशा लाकडाचा भुसा पांढऱ्या पिसांजवळ नेऊ नये. आधी चिमूटभर भुसा पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर ठेवून पाहावा. रक्ताचा डाग पडलाच तर गार पाण्याने लगेच धुवावा. गरम पाण्याने तो पक्का होतो. मळलेली पिसे धुण्यास रिठ्याच्या पाण्यासारखे सौम्य आणि स्वस्त दुसरे काही नाही. धुतल्यावर फडक्याने टिपून, पंख्याच्या वाऱ्यात ब्रशने फुलवीत वाळविली की ती पूर्ववत होतात.

कातडे स्वच्छ झाल्यावर ते टिकविण्याचा प्रश्न येतो, आणि ह्या छंदाचा सारा इतिहास ह्या प्रश्नाभोवती फिरला आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेत्झ गावच्या बेकर नावाच्या औषधविक्याने सोमल, कापूर, साबण, चुना आणि खार यांचा एक साबण बनविला. त्याने किडीचा बंदोबस्त झाला आणि दोन शतके जगभरच्या संग्रहालयांनी तो वापरला. परंतु तो वापरणाऱ्यांच्या अंगातही विष भिनत गेले. जुने पेंढा भरलेले पक्षी व मुंडकी यांना उघड्या हाताने झटकू नये असे जे सांगतात ते ह्यासाठीच. आज हौशी माणसास सोमलाचे कारण उरलेले नाही. पक्ष्याच्या पातळ कातड्यास टाकणखार पुरतो. सोनार डाग देताना जो वापरतात तोच हा टाकणखार. काष्ठौषधींच्या दुकानात तो घाऊक भावाने मिळतो. चरबी पूर्ण काढून ओलसर कातड्याच्या आतल्या बाजूस, डोक्याच्या कवटीत, पंखांच्या हाडांभोवती तो सढळ हाताने चोळावा. तोही पोटात जाण्याजोगा पदार्थ नव्हे. म्हणून हातमोजे घालावे, डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. कॅरमच्या फळीवर टाकतात ते चूर्ण निराळे. घाऊक बाजारात विचारताना हा भेद ध्यानी असू द्यावा.

करडाचे केसाळ कातडे करावयाचे असेल, तर टाकणखार पुरत नाही. त्यास आधी मीठ लागते. जाडे मीठ कुटून, कातड्याच्या वजनाच्या निम्म्याहून कमी होणार नाही अशा बेताने ते आतून चोळावे. दुसऱ्या दिवशी ओले झालेले मीठ झटकून पुन्हा नवे लावावे. मागाहून तुरटी आणि मीठ यांच्या पाण्यात ते काही दिवस मुरवितात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरडा पुष्कळ होतो, आणि कातडी कमाविण्यात त्याचा उपयोग पूर्वापार आहे. तथापि हिरड्याने कातडे तपकिरी होते आणि काम आठवडे घेते. पांढरे केस पांढरेच राहावयास हवे असतील तर तुरटीच बरी.

सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहणाऱ्यास एक कल्पना हटकून सुचते. जखमेवर हळद चालते, लोणच्यात हळद चालते, मग कातड्यावर का चालू नये? हळदीने कातडे कमावले जात नाही, ओल शोषली जात नाही. मात्र पिसांच्या मुळाशी असा पिवळा डाग बसतो की तो पुन्हा जाणे कठीण. अशीच गत उसाच्या चिपाडांची. साखर कारखान्यांच्या मुलखात ते भरण म्हणून वापरण्याचा मोह होतो, परंतु त्यात थोडी साखर शिल्लक असतेच, आणि मुंग्यांना ते आपल्या आधी कळते.

भरण म्हणून वापरावयाच्या चांगल्या वस्तू ह्याहून निराळ्या आहेत, आणि त्याही बहुतेक फुकटच्या. पाटण-जावळीकडे भात पिकतो; तेथील स्वच्छ, न कुजलेला भाताचा पेंढा कडक उन्हात चांगला तापवून घेतला तर जुने नाव सार्थ होते. सुताराच्या रंध्यातून निघणारी मऊ लाकडाची लांब, पातळ सालपटे त्याहून सरस. सुतळीने आवळीत गेले की त्यांचे घट्ट, हलके धड बनते. काथ्याही चालतो. विजेच्या वस्तूंच्या खोक्यांतून येणारा थर्माकोल तासून धड करता येते, आणि तो किडीस खाद्यही होत नाही. काय भरले ह्यापेक्षा किती भरले हे महत्त्वाचे आहे. सोललेले धड फेकण्यापूर्वी किंवा शिजविण्यापूर्वी त्याची लांबी, रुंदी आणि घेर सुतळीने मोजून वहीत लिहावा, आणि कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी. ही पाच मिनिटे ज्याने वाचविली, त्याचा पक्षी पुढे उशीसारखा फुगतो किंवा फाटक्या पिशवीसारखा लोंबतो. अमेरिकेतील कार्ल अ‍ॅकली (१८६४ ते १९२६) याने जी क्रांती केली तिचे मर्म हेच होते. कातड्यात काहीतरी कोंबण्याऐवजी त्याने आधी मापाबरहुकूम स्नायूंसह धड घडविले आणि मग कातडे त्यावर चढविले. मापे घेण्यास पैसा पडत नाही.

उभ्या पक्ष्यास तार हवी. पायांतून जाऊन बैठकीत रुतणारी तार कोंबडीसाठी सुमारे तीन मिलिमीटर जाडीची, जस्त चढविलेली घ्यावी. ती लोखंडसामानाच्या दुकानात किलोवर मिळते. गंजलेली जुनी तार फुकट मिळाली तरी टाकावी, कारण गंज कातड्यातून बाहेर पडतो. डोळे हा खर्चाचा मोठा भाग. परदेशी काचेचे डोळे सुरेख असतात, परंतु सपाट पाठीचा, वर फुगीर असा पारदर्शक काचमणी घेऊन त्याच्या पाठीमागे रंग दिला, मध्ये काळी बाहुली व भोवती नारिंगी वा तपकिरी कडे, तर तो समोरून जिवंत डोळ्यासारखा चमकतो. रंग आणि माप मात्र पक्षी ताजा असतानाच टिपून ठेवावे; काही तासांतच डोळा खोल जातो आणि रंग फिका पडतो. डोळा बसविण्यास गणपतीच्या कारखान्यात उरलेली शाडूची माती चांगली. ती तडकू नये म्हणून तीत थोडा कापूस किंवा कागदाचा लगदा कालवावा. लगद्यासाठी खळ लागते, आणि खळ हे कसरीचे आवडते पक्वान्न. जुने पुस्तकबांधणी करणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालीत ते ह्याच कारणाने. मोरचूद विषारी आहे. तेव्हा ती खळ मुलांच्या हाती पडू देऊ नये.

आणखी एक साधन असे आहे की ज्यास कवडीही पडत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याची किंमत कळत नाही. ते म्हणजे ऋतू. सातारा जिल्ह्याचे हवामान विलक्षण आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरांच्या घरात राहतो. एकाच पद्धतीने केलेला पक्षी म्हसवडला फाल्गुनात पंधरा-वीस दिवसांत खडखडीत वाळेल, आणि महाबळेश्वरास आषाढात त्याच्यावर बुरशीची शाल चढेल. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशीस आमंत्रणच मिळते. म्हणून घाटमाथ्याजवळ राहणाऱ्याने हे काम माघापासून वैशाखापर्यंत करावे आणि पावसाळ्यात लगदा, बैठका व डोळे तयार करीत बसावे. कृत्रिम वाळवणीवर पैसा खर्चण्यापेक्षा पंचांग पाहणे स्वस्त.

पक्षी वाळला म्हणजे कसर येण्याचा काळ सुरू होतो. वेखंड आणि डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवण्याची रीत आहे; त्यांनी कीड काहीशी दूर राहते, परंतु आत शिरलेली अंडी त्यांना भीत नाहीत. त्यासाठी उपाय घरातच असतो. पूर्ण वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून एक दिवस खोलीच्या तापमानास येऊ द्यावी, म्हणजे पिसांवर दव धरत नाही. अर्थात, घरातील शीतकपाटाच्या कप्प्यात पेंढा भरलेली कोंबडी ठेवण्यास गृहिणीची संमती मिळविणे, ही ह्या छंदातील सर्वांत अवघड पायरी होय. ती संमती आधी घ्यावी. मागाहून घेतलेली महाग पडते.

नंतर येते काचेची पेटी. ही पुन्हा तिसऱ्या खात्यातली. सांधे बंद, दार घट्ट बसणारे, आणि ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवलेली. पेटीवर केलेला खर्च पाहुण्यांसाठी नसून धूळ, ओल आणि किडीविरुद्धचा तो तट आहे. जुन्या कपाटाची काच, फुटक्या मत्स्यपेटीचे शाबूत तुकडे वापरून ती स्वस्तात करता येईल. परंतु ती उघडीवाघडी असता कामा नये. दर तीन महिन्यांनी पेटीच्या तळाशी पांढरा कागद घालून त्यावर भुकटी पडते काय ते पाहावे. कसर लवकर दिसली तर नमुना वाचतो.

शेवटची वस्तू एक चिठ्ठी. पक्षी कोणत्या जातीचा, नर की मादी, कोठून व कोणत्या तारखेस घेतला, वजन किती, मापे काय, कोणते द्रव्य वापरले, हे पेन्सिलीने जाड कागदावर लिहून त्याच्या पायाला बांधावे. चिठ्ठीविना उत्तम पक्षी ही नुसती शोभेची वस्तू. चिठ्ठीसह साधा पक्षी हा अभ्यासाचा पुरावा. शिवाय पुढे कोणी हात लावणार असेल, तर कातड्यात काय आहे हे त्यास कळते. ज्या जुन्या कारागिरांनी सोमल वापरला आणि तसे लिहून ठेवले नाही, त्यांच्या मौनाची किंमत आजची संग्रहालये मोजीत आहेत.

मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविणारे डॉ. संतोष गायकवाड ह्यांनी ही लुप्तप्राय कला बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली, आणि २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचे केंद्र सुरू झाले. तेथे शासनाच्या अनुमतीने, नैसर्गिक मृत्यू आलेल्या वाघ-बिबट्यांना शिक्षणासाठी पुन्हा रूप दिले गेले. अशा कामात शरीरशास्त्रज्ञ, चर्मकार, सुतार, शिल्पी आणि चित्रकार असे पाच जण एकाच माणसात नांदावे लागतात. हौशी माणसाने ह्यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. हे पाचही जण सातारा-सांगलीच्या प्रत्येक पेठेत कोठे ना कोठे बसलेले असतात. चर्मकाराजवळ तासभर बसून टाका पाहावा, गणपतीच्या कारखान्यात माती मळावयास हात लावावा, पाट्या रंगविणाऱ्याकडून रंगाचा पातळपणा शिकावा. त्यांचे ज्ञान कोणत्याही यादीत विकत मिळत नाही, आणि मान देऊन विचारले तर ते हात आखडीत नाहीत.

तीन खात्यांची ही वही वर्षअखेर उघडून पाहिली तर एक गोष्ट दिसून येईल. पहिल्या दोन खात्यांत नोंदी पुष्कळ आणि रकमा लहान असतील. तिसऱ्यात नोंदी मोजक्याच असतील: निरोगी आणि कायदेशीर नमुना, धारदार पाते, योग्य द्रव्य आणि बंद पेटी. ह्या चार नोंदींवर ज्याने पैसा आणि कष्ट वाचविले नाहीत, त्याची कोंबडी त्याच्या नातवंडांच्या शाळेतही उभी असेल. ज्याने तेथेच चार पैसे राखले, त्याला पुढच्या पावसाळ्यात सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल, आणि तोवर जी काही बचत झाली होती ती कसरीने खाऊन टाकलेली असेल.